इंजिनाच्या पोटाखालची तार

आमच्या हायस्कूलच्या पटांगणात लढाऊ विमानाचं एक जुनं इंजिन चौथऱ्यावर बसवलं, ते उलटं बसवलं. तोंड भिंतीकडे आणि मागची बाजू फाटकाकडे. आठ दिवस अख्खं गाव येऊन त्याच्यासमोर फोटो काढत होतं. पंचायतीचे सदस्य, सोसायटीचे संचालक, नव्या सुना, लग्न ठरलेली जोडपी. सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्याने इंजिनाच्या ढुंगणाशी उभं राहून फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर टाकले. मी तेव्हा मुलीकडे बंगळूरला होतो. फोटो मलाही आला. मी तो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला आणि बायकोला म्हणालो, "देव अक्कल वाटत होता तेव्हा आपलं गाव टोमॅटो विकायला नारायणगावला गेलं होतं."

मला हे कळतं, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं. परराज्यातल्या एका डोंगरात आमचा कारखाना होता. लढाऊ विमानांची इंजिनं ठरलेले तास उडून झाली की आमच्याकडे यायची, आम्ही ती पार खिळा न् खिळा सुटी करायचो, धुवायचो, तपासायचो आणि पुन्हा जोडून पाठवायचो. मी आधी फिटर होतो, मग इन्स्पेक्टर झालो. फिटरने काम करायचं, इन्स्पेक्टरने ते डोळ्यांनी पाहायचं आणि बोल्ट बांधणाऱ्या तारेच्या टोकाला शिशाचा मणी दाबून त्यावर आपला आकडा उठवायचा. तो मणी म्हणजे माझा शब्द. निवृत्त झालो तेव्हा माझ्यापाशी मोठा बंगला नव्हता, गाडी नव्हती. एकच गोष्ट होती आणि ती मी दिसेल त्याला सांगायचो: माझ्या मण्याखालून चुकीचं काम कधी बाहेर गेलेलं नाही.

गावाला यातलं काही समजत नाही. विमानाशी संबंध म्हटला की माणूस पायलट तरी असतो नाहीतर बॅगा तरी उचलतो, तिसरं काही यांच्या डोक्यात येत नाही. निवृत्तीनंतर गावी, वारूळवाडीत, राहायला आलो त्या पहिल्याच वर्षी एकाने विचारलं होतं, "भाऊ, तुमी ईमानात व्हते ना? मंग आमच्या साडूचं तिकीट जरा कमी करून द्या की." मी त्याच्याशी नंतर कधी बोललो नाही.

इंजिन गावात आणलं ते माझ्या चुलत भावाने. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, दहावीला दोनदा बसलेला, द्राक्षबागायतदार आणि शाळेच्या समितीचा अध्यक्ष. लहानपणापासून तो मला दादा म्हणतो आणि लहानपणापासून मी त्याला ढ म्हणतो. कुठल्याशा कार्यक्रमात त्याने ऐकलं की सेवेतून काढलेली इंजिनं शाळा-कॉलेजांना मांडून ठेवायला मिळतात. ओतूरला नातवाच्या ॲडमिशनसाठी गेला असेल तेव्हा. त्याने अर्ज केले, पुन्हा केले, माणसांना भेटला, आणि खरंच एक इंजिन ट्रेलरवर घालून गावात आणलं. हे काम सोपं नव्हतं हे मला मान्य आहे. पण आणलेली वस्तू कुठल्या बाजूने कुठे बघते, हे विचारायला एक फोन लागतो. तो त्याने केला नाही.

बंगळूरहून आल्यावर मी घरी पिशवी ठेवली आणि तडक शाळेत गेलो. भाऊ तिथेच होता. सोबत हेडमास्तर आणि समितीची चार माणसं. इंजिनाला आरशासारखा चंदेरी रंग फासला होता. मागच्या पाइपाच्या तोंडाला जाड जाळी वेल्डिंग केली होती.

"ही जाळी कशाला?" मी विचारलं.

"बिबट्या बसंल म्हणून," हेडमास्तर म्हणाले. "मागच्या म्हैन्यात उसातनं इकडंच आला व्हता. एवढा मोठा पाइप मोकळा सोडून कसं चालंल?"

आता यावर काय बोलायचं? आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या विमानाचं इंजिन, ज्याच्या मागून ज्वाळा निघायच्या, त्याची आमच्या तालुक्याला वाटणारी पहिली काळजी म्हणजे त्यात बिबट्या झोपेल.

"आणि हे उलटं कुणी बसवलं?"

सगळ्यांनी भावाकडे पाहिलं. तो डगमगला नाही. "उलटं कसं? पंखा मागंच असतोय ना दादा. आपल्या ब्लोअरला बघ की. ट्रॅक्टर म्होरं, टाकी मधी आन पंखा पार मागं. त्यो मागनं हवा वढतो आन कडंनी फेकतो."

मी हसलो, आणि समितीच्या सगळ्या माणसांसमोर हसलो. द्राक्षबागेत औषध मारायचा ब्लोअर पाहून या माणसाने लढाऊ विमानाचं इंजिन बसवलं होतं. "अरे ढ," मी म्हणालो, "हे काय डाऊनी रोगावर फवारा मारायला आणलंय का? हे हवा पुढून घेतं, दाबतं, जाळतं आणि मागे फेकतं. तू विमान गावाबाहेर उडवायच्या ऐवजी भिंतीत घातलंस." एकजण हसला, मग बाकीचेही हसले. भाऊ हसला नाही. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि पारगावकडच्या हायड्रावाल्याला फोन लावला. "येत्या सोमवारी क्रेन लागंल," एवढंच तो बोलला. उद्घाटन मंगळवारी होतं आणि भाषणाला मलाच बोलावलं होतं.

माहितीफलक तर वेगळाच विनोद होता. विज्ञानाच्या सरांनी तो इंटरनेटवरून उतरवला होता. त्यात लिहिलं होतं की हे इंजिन इतक्या हजार घोड्यांच्या शक्तीचं आहे. जेट इंजिनाचा जोर घोड्यांत मोजत नाहीत. ते चाक फिरवत नाही, ते ढकलतं, आणि त्याचं ढकलणं किलोत मोजतात. घोडे होते ते त्याच्या आधीच्या काळात. तेव्हा लढाऊ विमानाला पिस्टनचं इंजिन असायचं, सिलेंडर गोल मांडलेले, पुढे पंखा, आणि त्या इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे सिलेंडर वाढवायचे. वाढवता वाढवता ते इतकं अवजड आणि गुंतागुंतीचं झालं की एका इंजिनामागे माणसांची फौज लागायची. मग जेट आलं. सुरुवातीच्या बऱ्याचशा जेट इंजिनांत एकच मोठं चाक असायचं. ते हवा मधून ओढायचं आणि कडेला फेकायचं. म्हणजे साधारण आमच्या भावाचा ब्लोअर. हा माणूस उगाच ऐंशी वर्षं मागे नव्हता. त्या चाकामुळे इंजिनाचं पोट फुगायचं आणि विमानाचंही. पुढे एका चाकाऐवजी पात्यांच्या रांगांमागून रांगा आल्या, हवा सरळ रेषेत दाबत नेणाऱ्या, आणि इंजिन सडपातळ झालं. मग एका पोकळ दांड्यात दुसरा दांडा घालून पुढच्या रांगा एका वेगाने आणि मागच्या दुसऱ्या वेगाने फिरवायची युक्ती निघाली. पटांगणातलं इंजिन त्या युक्तीचं होतं, रशियन, एका इंजिनावर उडणाऱ्या विमानाचं. यातलं एक अक्षर फलकावर नव्हतं.

फलकाची शेवटची ओळ मात्र ठळक होती: विमानविद्या ही मूळची आपलीच. मी सरांना विचारलं, "मग इंजिन रशियाहून का आणावं लागलं?" आपल्या देशाने स्वतःचं लढाऊ विमान बांधलं होतं. देखणं होतं, आवाजाच्या पुढे जाण्यासाठी घडवलेलं. पण त्याला साजेसं इंजिन कुणी दिलं नाही आणि आपल्याला करता आलं नाही, म्हणून त्याच्या अंगाला कमी पडणारी दोन विलायती इंजिनं पोटात घालून ते उडवत राहिले आणि शेवटी निवृत्त केलं. विमान म्हणजे पत्रा वाकवणं नव्हे. विमान म्हणजे इंजिन, आणि इंजिन म्हणजे बोटाएवढं एक पातं, जे धगधगत्या आगीत मिनिटाला हजारो फेरे घेत असतं आणि तरी वितळायचं नसतं. ते पातं ओतायला आपल्याला पिढ्या लागल्या. फलक लिहायला सरांना एक दुपार लागली.

मी सरांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी फलक काढून नेला. मला तेव्हा फार बरं वाटलं हे लपवत नाही.

सोमवारी सकाळी हायड्रा आला. इंजिन फिरवणं म्हणजे नुसतं गोल फिरवणं नव्हतं. पुढच्या आणि मागच्या भागाची जाडी वेगळी, त्यामुळे चौथऱ्यावरच्या लोखंडी बैठका उपटून जागा बदलायच्या होत्या. त्यासाठीच्या खुणा आणि नवी भोकं भावाने आदल्या दोन दिवसांत स्वतः उभं राहून पाडून घेतली होती. मला विचारून घेतलं, मापं माझ्याकडूनच लिहून नेली, आणि एका शब्दानेही कुरकुर केली नाही. मला ते थोडं खटकलं. भांडला असता तर मला आणखी बोलता आलं असतं.

पट्टे घालून हायड्राने इंजिन छातीएवढं उचललं. गडी बैठका सरकवत होते. मी सवयीने खाली वाकलो आणि इंजिनाच्या पोटाखाली पाहिलं. तिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता. जुना धातू जसाच्या तसा होता, तेलाचे डाग, घासलेले आकडे. आठ-दहा वर्षं मी असं इंजिन इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मला भरून आलं.

मग मला एका जोडावरचे दोन बोल्ट दिसले आणि त्यांच्यामधली पिळाची तार.

इंजिन थरथरतं. थरथरीने बोल्ट सुटू नये म्हणून शेजारच्या दोन बोल्टांना पिळदार तारेने बांधतात. तार अशी टाकायची की एक बोल्ट सुटायला लागला की तार ताणली जाऊन दुसऱ्याला आवळेल. एवढंच. पहिल्या आठवड्यात शिकवतात. ही तार उलटी होती. बोल्ट सुटायला लागला असता तर हिने त्याला थांबवलं नसतं, उलट जायला मोकळी वाट दिली असती. आणि तारेच्या टोकाला शिशाचा मणी होता. मी खिशातला रुमाल काढून तो पुसला. त्यावर माझा आकडा होता.

मी पुन्हा पुसला. तोच आकडा. दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं, तो आकडा मी इन्स्पेक्टर झाल्यापासून माझ्याच मणी दाबायच्या पक्कडीत होता. तो जोड फक्त संपूर्ण खोलणीतच उघडतात, आणि प्रत्येक वेळी नवी तार पडते. म्हणजे या इंजिनाची शेवटची जोडणी माझ्या डोळ्यांखालून गेली होती. तार कुणा फिटरने टाकली असेल, पण मी ती पाहिली होती. म्हणजे पाहिली नव्हती, आणि मणी दाबला होता. तसंच ते विमानात चढलं, ठरलेले सगळे तास उडलं. एकुलत्या एका इंजिनावर कुणीतरी मुलगा त्यात बसून ढगांच्या वर गेला असेल आणि माझ्या मण्यावर विश्वास ठेवून कसलाही विचार न करता खाली परतला असेल. तो रोज परतला, हे त्याचं नशीब. माझं कर्तृत्व त्यात काही नव्हतं.

"बस का भाऊ? सोडू?" हायड्रावाल्याने मला विचारलं. मी हातानेच सोड अशी खूण केली. इंजिन बैठकांवर बसलं. तोंड फाटकाकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि एकाने माझ्या पाठीवर थाप मारली.

मला एक माणूस आठवत होता. आमच्या कारखान्याच्या शॉपमधला फिटर, हात चांगला होता, वागायला गरीब. त्याने एकदा अशीच तार उलटी टाकली आणि ती मी पकडली. मी ती कापून हातात धरली आणि शॉपभर फिरवली. सगळ्या पाळीसमोर म्हणालो की ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याने गावी जाऊन बैल हाकावेत. तो स्टोअरला गेला आणि नोकरी संपेपर्यंत तिथेच वॉशर मोजत राहिला. त्याची ती तार चुकली होती, पण ती इंजिनाबरोबर बाहेर गेली नव्हती. माझी गेली होती.

जेवण झाल्यावर मी घरातून पक्कड घेतली आणि शाळेत गेलो. दुपारची वेळ, वर्ग चालू होते, पटांगणात कुणी नव्हतं. तार कापायची आणि मणी खिशात घालायचा, एवढंच करायचं होतं. मी चौथऱ्यावर पाठीवर झोपून इंजिनाखाली सरकलो. सत्तरीच्या जवळ आलेला माणूस सिमेंटवर आडवा पडून आपली चूक शोधत होता. पक्कडीचं तोंड तारेवर ठेवलं, तेवढ्यात शेजारी चपला दिसल्या.

"दादा? काय झालं रं?"

भाऊ होता. फुलांची तोरणं बघायला आला होता. मी काही बोलायच्या आत तो वाकला, मग गुडघ्यावर बसला, मग माझ्या शेजारी सरळ आडवाच झाला. त्याने तारेकडे पाहिलं. आयुष्यभर द्राक्षाच्या मांडवाच्या तारा ताणलेला माणूस तो. त्याने बोटाने एका बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत तार नुसती चाचपली.

"ही उलटी हाय," तो म्हणाला. "ह्यो बोल्ट ढिला झाला तर ही त्याला धरत न्हाई, सोडती. बरोबर का?"

पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट याला कुणी शिकवली नव्हती. मी "हो" म्हणालो.

"आन ह्यो मणी कसला?"

मला खोटं बोलता आलं असतं. रशियातून आला असेल, कुणा दुसऱ्याचा असेल, काहीही. गावात कुणाला तपासता आलं नसतं. पण शेजारी आडवा पडलेला माणूस तो मणी निरखत होता आणि त्याच माणसाला मी चार लोकांसमोर ढ म्हटलं होतं.

"इन्स्पेक्टरचा," मी म्हणालो. "त्याने पाहून पास केलं म्हणून."

"कोण येडं व्हतं हे?"

"मी."

वर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. मी वाट पाहत होतो. त्याच्या जागी मी असतो तर काय काय बोललो असतो ते सगळं माझ्या डोक्यात तयार होतं, एकेक वाक्य धार लावून.

"पडलं का हे कुठं?" त्याने विचारलं.

"नाही. तास पूर्ण करून उतरलं."

"मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. त्याने माझ्या हातातली पक्कड काढून घेतली, इंजिनाखालून बाहेर सरकला आणि मला उठायला हात दिला. माझ्या पाठीवरची धूळ झटकली. मग तोरणं किती लागतील ते मोजायला फाटकाकडे गेला.

मंगळवारी उद्घाटन झालं. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि त्यांनी इंजिनाला हार घातला, नारळ फोडला. नारळाचं पाणी कॉम्प्रेसरच्या पात्यांवर उडालं. एरवी मी त्यावर दहा मिनिटं बोललो असतो. माझं भाषण लहान झालं. पिस्टन, एका चाकाचं जेट, पात्यांच्या रांगा, दांड्यातला दांडा. माझ्या मण्याखालून कधी चुकीचं काम गेलं नाही हे वाक्य मी वहीत लिहून आणलं होतं. ते मी म्हटलं नाही, आणि जे खरं होतं तेही म्हटलं नाही. वहीतल्या पुढच्या ओळीवर गेलो.

आभार मानायला भाऊ उठला. मी खुर्चीत ताठ बसलो. त्याने पाहुण्यांचे आभार मानले, हायड्रावाल्याचे मानले, आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "इंजिन मी उलटं बसीवलं व्हतं. आमच्या दादानं ते सरळ करून दिलं. ह्या कामातला त्यांच्याएवढा जाणकार ह्या दोन तालुक्यांत न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कुठेतरी ओठाच्या कोपऱ्यात हसू असेल, डोळ्यांत काही असेल, म्हणून शोधलं. काही नव्हतं. तो मनापासून बोलत होता.

त्या गोष्टीला आता वर्ष झालं. त्याने ते कुणालाही सांगितलेलं नाही, स्वतःच्या बायकोलाही नाही. तिला कळलं असतं तर ते माझ्या बायकोपर्यंत आलं असतं, आणि मग माझ्यापर्यंत. मी अजूनही गावात दिसेल त्या चुकीवर बोलतो, जिभेची ती सवय जायची नाही. फक्त भावाला आता ढ म्हणत नाही. त्या फिटरचा पत्ता मी दोन ठिकाणी विचारला. तो वारल्याचं कळलं.

शाळेजवळून जाताना मी पोटाखाली वाकून बघत नाही. तार आहे तशीच आहे, मणीही आहे. त्या दिवशी भाऊ एकदा तरी हसायला हवा होता. मी असतो तर हसलो असतो, आणि चार माणसं बोलावून हसलो असतो.